गव्हाच्या कोठीतल्या तारा

गिटारची तार किती दिवस टिकते, असं कुणी विचारलं की आजही उत्तर देण्याआधी माझा हात आपोआप डोळ्यांसमोर जातो. शिकायला येणाऱ्या मुलींना वाटतं, बाईंना उजेड सहन होत नाही. मी त्यांना काही सांगत नाही. बंद पाकिटातली तार कोरड्या जागी चार-पाच वर्षं सहज राहते, पाकीट फोडून गिटारवर चढवली की दीड-दोन महिने, आणि हाताला घाम येत असेल तर पंधरा दिवसही नाही, एवढं बोलून मी विषय मिटवते. आता तर पाकिटाच्या आत आणखी एक हवाबंद पिशवी असते, तारेवर कसला तरी पातळ थर दिलेला असतो, आणि तरीही या मुली कपाटात दोन महिने राहिलेल्या तारेकडे शिळ्या भाताकडे बघावं तशा बघतात. आमच्या वेळी तार हा घाबरण्याचा विषय होता, आणि घाबरण्याची परीक्षा असती तर मी जिल्ह्यात पहिली आले असते.

आमचं घर मुकुंदवाडीत, रुळांपासून फार लांब नाही. मालगाडी गेली की भांड्याच्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे आणि भिंतीला टांगलेली माझी गिटार आपणहून हलकेच गुणगुणायची. आईला त्याची आधी भीती वाटायची, मग कौतुक वाटायला लागलं. "बघ, गाडी गेली की तुझी गिटार बी बोलती," असं ती आल्यागेल्याला सांगायची. माझे वडील, अण्णा, कंपनीत होते, पण आमचं धान्य गावाकडूनच यायचं. उन्हाळ्यात गहू आला की आठ दिवस घरात दुसरा विषय नसायचा. गच्चीवर लुगड्यांवर गहू पसरायचा, कडकडीत ऊन द्यायचं, मग आई आणि शेजारच्या दोघी बायका मांडी घालून बसायच्या आणि मूठमूठ गव्हाला एरंडेल चोळायच्या. हात चकचकीत व्हायचे. मग पत्र्याच्या कोठीत एक थर गहू, एक थर वाळलेला कडुलिंबाचा पाला, पुन्हा गहू. त्या दिवसांत स्वयंपाकाला कुणालाच वेळ नसायचा. सकाळीच धपाटे करून ठेवलेले असायचे आणि सोबत दही नाहीतर शेंगदाण्याची चटणी. धपाट्यालासुद्धा एरंडेलाचा वास यायचा. आईचा त्या तेलावर देवापेक्षा जास्त विश्वास होता. तेल लावलं, ऊन दाखवलं आणि गव्हात पुरलं की कुठलीही वस्तू जन्मभर टिकते, हे तिचं पक्कं मत होतं. त्या मतावर आम्ही वर्षभर जेवायचो, त्यामुळे त्याला नावं ठेवण्याची कुणाची हिंमत नव्हती.

गिटार शिकवायचे ते आमचे पठाण सर. औरंगपुऱ्यात बांगड्यांच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर गेलं की त्यांची खोली. आवाज भारदस्त, दाढी मेंदीने लाल केलेली, आणि डाव्या डोळ्याखाली एक बारीक पांढरी रेघ. तरुणपणी तार चढवताना तुटली होती आणि तिचं टोक डोळ्यात गेलं होतं. त्या डोळ्याने त्यांना फक्त उजेड-अंधार कळायचा. उजवा डोळाही वयामुळे अधू झाला होता, पण चष्म्याचा त्यांना राग होता, म्हणून तार लावताना ते नाक तारेला टेकेल इतके खाली वाकायचे. आम्हाला मात्र पहिल्या दिवसापासून शिकवण, की तार चढवताना तोंड फिरवून घ्यायचं. "डोळे दोनच भेटतात बेटा, दुकानात नवीन नाय मिळत," असं म्हणायचे आणि स्वतः पुन्हा वाकायचे.

रागाचं तर विचारू नका. हात धुऊन, पुसून, कोरडे करूनच गिटारला हात लावायचा. एकदा एक बँकेतले गृहस्थ, चांगले मिशा वगैरे असलेले, खाली भेळ खाऊन तसेच वर आले आणि तेलकट बोटं तारांवर फिरवायला लागले. सरांनी त्यांची गिटार काढून घेतली, तिचं कव्हर जिन्यातून खाली भिरकावलं आणि म्हणाले, "नक्को, उद्यापासून येऊ नक्को." ते गृहस्थ गिटार काखेत घेऊन कव्हर उचलायला खाली गेले ते परत वर आले नाहीत. मी कोपऱ्यात बसून हे पाहिलं आणि त्या दिवशी घरी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मला ती खोली हवी होती. घरी मी कुणाची तरी मुलगी होते, कॉलेजात हजेरीपटावरचं नाव होते. त्या खोलीत मात्र मला वाजवता येत होतं. तिथून मला कायमचं जिन्याखाली जायचं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सरांच्या खोलीचं छत दुरुस्त करायचं ठरलं. पाऊस आला की तिथे गळायचं. सरांनी मुंबईहून तारांचे तीन संच मागवले होते, गणपतीतल्या मोठ्या कार्यक्रमासाठी. तशा तारा तेव्हा आपल्याकडे मिळत नसत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती तीन पाकिटं आणि ओल शोषून घ्यायला चार-पाच खडू घालून त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "तुमचं घर स्लॅबचं, कोरडं. पाकीट उघडू नक्को. बंद आहे तोवर तार झोपलेली असते, हवा लागली की तिचं वय सुरू होतं." मी डबा छातीशी धरून रिक्षात बसले. घरी कपड्यांच्या कपाटात अगदी मागे ठेवला, आईला दाखवला, "सरांच्या तारा आहेत, जपून ठेवायच्यात," असं सांगितलं आणि महिनाभर मावशीकडे निघून गेले. जपून ठेवायच्या आहेत, हे मी आईला सांगायला नको होतं.

गणपतीतल्या त्या कार्यक्रमाला दहा दिवस असताना सर म्हणाले, "परवा डबा आण." घरी येऊन मी कपाटातून डबा काढला. हलका लागला. उघडला तर आत नुसते खडू. मला आधी वाटलं चोरी झाली. मी ओरडले तशी आई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"त्या तारा व्हय? कोठीत हायेत की."

"कोठीत?"

"आगं, कागदात कोंडून ठिवतंय का कुणी! पावसाळ्यात गंज चढला असता. ऊन दावलं, तेल लावलं, गव्हात घातल्या. आता त्यायला काय बी होत नाय."

तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी मान डोलावली. ती पुन्हा तव्याकडे गेली. मी कोठीचं झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात गव्हात घातला. गार गहू, मधेच पाल्याचा कुरकुरीत स्पर्श, आणि मग बोटांना काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर तिन्ही संचांच्या अठरा तारा एकत्र, सुतळीची गुंडी करावी तशा घट्ट गुंडाळून, वर लाल दोऱ्याची गाठ. जाड तारांवर पितळेचा जो बारीक पीळ असतो त्यात तेल, गव्हाची भुकटी आणि पाल्याचा चुरा बसून घट्ट खळ झाली होती. मी एक तार ताणून छेडली. धप्प असा आवाज आला, ओल्या दोरीचा येतो तसा. पण खरी वाईट गोष्ट बारीक तारांची होती. सगळ्यात बारीक, पहिली तार गुंडाळताना दुमडून तिला आढी पडली होती. तिन्ही संचांतल्या पहिल्या तारांना. आढी पडलेली तार सरळ करता येते, दिसतही नाही, पण ताण आला की ती तिथेच तुटते. हे आम्हाला सरांनीच शिकवलं होतं.

आता कुणीही विचारेल, की पोरी, सरळ जाऊन सांगायचं होतंस. मीही गेली कित्येक वर्षं स्वतःला हेच विचारते आहे. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर जिन्यातून गडगडत जाणारं कव्हर होतं. शिवाय सांगायचं म्हणजे आईचं नाव घ्यावं लागणार. माझ्या आईने तुमच्या तारांना गव्हासारखं तेल चोळलं, हे वाक्य त्या खोलीत, सगळ्यांसमोर. तिला कुणी हसलेलं मला चाललं नसतं आणि तिच्यामुळे मला कुणी बाहेर काढलेलंही चाललं नसतं. बाजारात एक वाद्यांचं दुकान होतं, पण तिथला मालक सरांचा दोस्त. मी साध्या तारा जरी विचारल्या असत्या तरी चहाच्या आत सरांना कळलं असतं. मी भित्री होते, एवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई हळदीकुंकवाला गेल्यावर मी पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि जाड तारा त्यात सोडल्या. ऑर्केस्ट्रात मोठी गिटार वाजवणारा एक जण जुन्या तारा अशाच उकळतो, असं ऐकलं होतं. पाण्यावर तेलाचा पिवळा तवंग आला आणि घरभर असा वास सुटला, की शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, कुणाचं पोट बिघडलंय का. तारा पुसल्या, गच्चीवर उन्हात वाळवल्या. आवाज आला, अगदी नव्यासारखा. पण उकळलेल्या तारेचा नवेपणा चार-आठ दिवसांचा असतो. पिळाच्या आत शिरलेलं पाणी आतून तिला खात राहतं. बारीक तारा मी रॉकेलच्या चिंधीने पुसल्या आणि तिन्हींपैकी जिची आढी अगदी टोकाजवळ होती, ती निवडली. गिटारवर चढवल्यावर ती आढी घोडीपासून, म्हणजे तारांची खालची टोकं अडकतात त्या पट्टीपासून, चार बोटांवर आली असती. आईने कागदाची पाकिटं टाकली नव्हती, गादीखाली नीट सपाट करून ठेवली होती. पिठाच्या खळीने ती चिकटवली, चांगला संच वरच्या पाकिटात घातला आणि डबा सरांना नेऊन दिला.

सरांनी माझ्यासमोरच तारा चढवल्या. पहिली तार खुंटीत अडकवली आणि नेहमीसारखे खाली वाकले, इतके, की त्यांची दाढी तारेला लागत होती. मधेच थांबले. मला वाटलं, आढी दिसली. पण ते पुन्हा खुंटी पिळायला लागले, सूर वर चढायला लागला, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मनात एक-दोन-तीन मोजत होते. तार तुटली असती तर तिचं टोक सरळ त्यांच्या चांगल्या डोळ्यात गेलं असतं. तोंड फिरवा सर, एवढे तीन शब्द सांगायचे होते; मी तारखा वाचत राहिले. सूर पुरता लागायच्या आधीच त्यांनी खुंटी सोडली. "राहू दे. बसू दे तिला जरा," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बेटा, काही बोलायचंय?"

"नाही सर."

ते आठ दिवस मी कशी जेवले, कशी झोपले, मला आठवत नाही. तालमीत सर ती तार, अजून बसतेय म्हणत, उतरलेलीच ठेवायचे; तरी ते वाकले की मी कॅलेंडरकडे बघायचे. आई येसराची आमटी करायची, माझी आवडती, आणि मला तिच्यात एरंडेलाचा वास यायचा. मालगाडी गेली की भिंतीवरची गिटार गुणगुणायची तेव्हा मला वाटायचं, ती तुटणार. मी डोळ्याच्या डॉक्टरांच्या पाट्या वाचत औरंगपुऱ्यातून जायला लागले. कुठली पाटी त्या जिन्यापासून सगळ्यात जवळ आहे, ते मला पाठ झालं होतं. आणखी एकदा सरांनी विचारलं, "घरी सगळं ठीक ना? आई बरी?" मी म्हणाले, "हौ सर." घाबरले की मी त्यांच्यासारखंच बोलायचे.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सर चष्मा लावून आले. आम्ही सगळे बघत राहिलो. मग त्यांनी फर्मान काढलं, की आज सगळ्यांनी अर्धा सूर खाली लावायचं. गाणाऱ्या बाई कुरकुरल्या, त्यांचा गळा त्या सुरात बसत नव्हता. "हवा दमट आहे," एवढंच सर म्हणाले. तारा उतरवल्या की ताण कमी होतो, म्हणून मी मनातल्या मनात त्या दमट हवेचे पाय धरले. मग सरांनी माझी खुर्ची उचलली आणि स्वतःच्या उजव्या बाजूने काढून पार पलीकडे, तबल्याच्या मागे नेऊन ठेवली. का, ते विचारायची सोय नव्हती. दोन तास मी माझी गिटार वाजवली, पण माझी नजर एका तारेवर होती, घोडीपासून चार बोटांवर. लोक टाळ्या वाजवत होते. प्रत्येक टाळीला मी दचकत होते. तार तुटली नाही. घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "बघ, तेलानं कशा टिकल्या. सरास्नी सांग, पुढच्या साली बी मीच ठिवते." अण्णांनी मान डोलावली. मी बाहेर बघत राहिले आणि रडले. त्यांना वाटलं, कार्यक्रम चांगला झाला म्हणून.

कार्यक्रम संपला होता, पण तार अजून गिटारवरच होती. दोन दिवसांनी पडेगावला दुसरा कार्यक्रम होता. तिथे ते पुन्हा वाकणार, कदाचित सूर पूर्ण चढवणार. रात्रभर तेच डोळ्यांसमोर येत राहिलं. सकाळी कॉलेजला म्हणून निघाले आणि औरंगपुऱ्यात उतरले. बांगड्यांचं दुकान नुकतंच उघडत होतं. मी जिना चढले. सर एकटे होते, चहा पीत होते.

"सर, त्या तारा..." एवढंच बोलले.

"एरंडेल," सर म्हणाले.

त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"आमची अम्मी पण लावायची गव्हाला. आणि लिंबाचा पाला. तारेजवळ नाक नेलं तेव्हाच कळलं, रॉकेलच्या आडून वास आला. आढी पण तेव्हाच बोटाला लागली. आईनं ठेवल्या ना गव्हात?" मी मान हलवली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. उठून त्यांनी चष्मा लावला, गिटार घेतली आणि म्हणाले, "दारात जा. तोंड बाहेर कर. मी सांगेपर्यंत वळू नक्को."

मी दारात उभी राहिले. खाली गल्लीत एक माणूस हातगाडीवर पेरू मांडत होता. मागे खुंटी करकरली आणि पहिली तार वाजली, अर्धा सूर खालची. मग जरा वर. आणखी जरा वर. मी पेरू मोजायला लागले. सूर चढत होता, बारीक होत होता, मला माझ्या दातांत तो ऐकू येत होता, आणि सर, नको, असं म्हणायला मी तोंड उघडलं तेवढ्यात फाट्‌ असा आवाज झाला आणि मागच्या भिंतीवर काहीतरी सपकन आपटलं. पेरूवाल्याने वर बघितलं.

"वळ आता."

तार घोडीपासून चार बोटांवर तुटली होती. सरांच्या हाताच्या पाठीवर मनगटापासून बोटापर्यंत लाल रेघ उमटली होती आणि तिच्यातून हळूहळू रक्ताचे थेंब येत होते. पुरता सूर लागायला अजून थोडं बाकी होतं. त्यांनी रुमाल काढून हाताला गुंडाळला, पण गाठ मारता येईना. मी पुढे होऊन गाठ मारली.

"मी वाट बघत होतो," ते म्हणाले. "चढवली त्या दिवसापासून. म्हटलं आज बोलेल, उद्या बोलेल. सूर उतरवला, चष्मा घातला, तुला पलीकडे बसवलं. तरी नाही बोललीस. तुला माहीत होतं ना, तुटली तर कुठं लागेल?"

"हो सर."

"मग?"

मी रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली. आईचं नाव पुढे करावंसं वाटलं, पण ते खोटं झालं असतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, त्या एका अधू डोळ्याने, चष्म्यातून, नीट.

"माझा डोळा जाईल याच्यापेक्षा माझी भीती मोठी होती? इतका भेव वाटतो तुला माझा?"

आयुष्यात त्यांच्याशी मी बरंच खोटं बोलले होते, त्या आठ दिवसांत तर रोज. या वेळी मला ते जमलं नाही. मी "हो" म्हणाले.

सर खाली बसले. खुर्ची मागे होती तरी ते जमिनीवरच बसले, भिंतीला टेकून, रुमाल बांधलेला हात मांडीवर ठेवून.  जिन्याकडे बघत म्हणाले, "माझाच राग माझा डोळा घेत होता, बेटा." मी त्यांना रागावलेलं कित्येकदा पाहिलं होतं. घाबरलेलं त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं.